प पद्माचा

गेल्या महिन्यात पद्माच्या भावाचा फोन आला. "वैशालीताई, आमची ताई गेली." तिला कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं, पण ती दवाखान्यातून घरी परतणारच नाही असं मनातही आलं नव्हतं. पन्नाशीही उलटली नव्हती तिची.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली, नाशिकरोडच्या कॉम्प्युटर क्लासमधली. पद्मा मखमलाबादची, घरचा भाजीचा मळा. सकाळी वडिलांबरोबर पंचवटीच्या बाजारात मेथीच्या जुड्या उतरवून ती क्लासला यायची. बोलताना अडखळायची. शब्दाच्या सुरुवातीला प किंवा ब आला की मिटलेले ओठ उघडायचेच नाहीत. मराठीत ती वाक्य फिरवून वेळ मारून न्यायची. इंग्रजीत फिरवायला तेवढे शब्दच नव्हते. आणि सातपूरच्या एका कंपनीतली मुलाखत इंग्रजीतच होती.

मग तिने एक प्रोग्रॅम लिहिला. स्पेलिंग तपासण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी असते. तिच्यातून ‘पी’ आणि ‘बी’ने सुरू होणारे शब्द गाळायचे आणि उरलेल्यांतून आपल्या कामाचे निवडायचे. ‘प्रॉब्लेम’ गेला, ‘डिफिकल्टी’ आली. ‘प्लँट’च्या जागी ‘फॅक्टरी’. पण त्या गाळणीत ‘फोन’ आणि ‘फोटो’ही गेले, तेव्हा ती खळखळून हसली. "अगं, ह्यांच्यात पी नुसता लिहायला आहे!" पुढे ‘एच’ असेल तर ‘पी’ला सोडून दे, असं तिने लगेच प्रोग्रॅमला शिकवलं.

मुलाखतीला मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. आतलं तिने नंतर सांगितलं. पहिलाच प्रश्न नावाचा... नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? ओठ मिटले. समोरच्या साहेबांनी अर्जाकडे बघून "पद्मा ना?" म्हटलं. तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि लागायचा तेवढा वेळ लावून नाव स्वतःच सांगितलं.

नोकरी मिळाली नाही. निकाल कळला त्या दिवशी ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आता प्रोग्रॅम उलटा करते. गाळलेलेच शब्द काढायचे."

आणि काढले. साधे ‘पी’चे आधी, ‘पीएल’, ‘पीआर’ असे जोडीचे नंतर. वाफ्यांना पाणी देताना ती ते मोठमोठ्याने म्हणायची. तिचे वडील मला म्हणाले, "पोरगी वांग्यांना इंग्रजी शिकवती हाय. लय जिद्दीची."

अडखळणं शेवटपर्यंत राहिलं, पण शब्द टाळणं तिने सोडून दिलं. पुढे आम्ही दोघींनी देवळाली कॅम्पात कॉम्प्युटरचा क्लास काढला. जवानांच्या बायका शिकायला यायच्या. पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभी राहून ती हिंदीत सांगायची, "मैं प... प... पद्मा. मुझे टाइम लगता है. रुकना." त्या थांबायच्या.

परवा नवी बॅच सुरू झाली. फळ्यापाशी मी एकटीच. गावाहून नुकतीच आलेली एक जण नाव सांगताना बुजली, अडली. शेजारणीने तिच्यासाठी तोंड उघडलं, तोच मागून, मदतीला आलेली पद्माची जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "रुक जा. वही बोलेगी."

आम्ही सगळ्या थांबलो.