बहादूरच्या आईस

आमच्या बोरिवलीच्या इमारतीतून परदेशी जाणारी मी पहिलीच. शहाऐंशी सालचा ऑक्टोबर होता. पण परदेश म्हणजे नेपाळ, आणि जायचं कशाला तर डोंगर चढायला, हे कळल्यावर आईने माझी अक्कलच काढली.

"परदेशात जातंय म्हणतंस, नि पासपोर्ट नको? मगे कसलो तो परदेश? डोंगर चढूचे असतीत तर गावाक जा, थय काय कमी असत?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका कचेरीत टंकलेखक, बिनलग्नाची आणि हट्टी. रविवारी सह्याद्रीतले किल्ले चढता चढता बर्फाचे डोंगर बघायचं वेड डोक्यात शिरलं होतं. माझ्यासारख्याच आणखी तिघी वेड्या मिळाल्या, आणि आम्ही रजा टाकल्या.

निघायच्या दोन दिवस आधी आमचा वॉचमन दारात येऊन उभा राहिला. नऊ वर्षं तो आमच्या फाटकावर होता, सगळे त्याला बहादूर म्हणायचे. आम्ही कुठून चढणार ते त्याने माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाला, त्या वाटेवर तिसऱ्या दिवशी त्याचं गाव लागतं. सहा वर्षांत त्याला जायला जमलं नव्हतं. दोन वर्षांत पत्रही नव्हतं. हातात एक शाल होती आणि गुडघ्यांना लावायच्या बामची बाटली.

"माँ के लिए है, दीदी. है कि नहीं, मालूम नहीं. छोटा गाँव है, मेरा नाम बोलना, कोई भी घर दिखा देगा."

मी मान डोलावली. आईने त्यात डबाभर खोबऱ्याच्या वड्या घातल्या, जुन्या उशीच्या अभ्र्यात सगळं शिवून टाकलं, आणि वर शाईने ठळक अक्षरांत लिहिलं, 'बहादूरच्या आईस'. खाली गावाचं नाव. आमच्या दोघींच्याही डोक्यात काही आलं नाही.

सरहद्द ओलांडल्यावर मला पहिलं नवल वाटलं ते पाट्यांचं. परदेशात आले होते आणि दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचता येत होत्या. बसमधून उतरून चालायला लागलो तर डोंगरउतारावर भाताचे कुणगे, बांध घातलेले शेताचे तुकडे, आमच्या गावी असतात तसेच, फक्त इथे ते ढगापर्यंत चढत गेलेले. लाल मातीने लिंपलेल्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, छपरावर भोपळे. बायका उकिडव्या बसून तांदूळ निवडत होत्या आणि न ओळखता आम्हाला हाका मारून बसवत होत्या. आई म्हणाली होती त्यात काही खोटं नव्हतं. कसला परदेश?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं गाव आलं. वीस-बावीस घरं, मागे आभाळाला टेकलेला बर्फाचा डोंगर. चहाच्या दुकानदाराने बरीच वर्षं मुंबईत काढली होती, त्याला हिंदी येत होतं. मी ऐटीत विचारलं, "बहादूर का घर कहाँ है?"

त्याने पार्सलावरचं वाचलं आणि खो खो हसला. "कौन सा बहादूर, दीदी? इधर सब बहादूर है. आधे बंबई में गेट पे खडे है."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नऊ वर्षं रोज त्या माणसाने मला फाटक उघडून दिलं होतं, आणि मी त्याला त्याचं नाव विचारलं नव्हतं. लाजेने मी हातातला चहा खाली ठेवला.

मुंबईहून पार्सल आलंय ही बातमी तोवर गावभर झाली होती. दुकानासमोरच्या कट्ट्यावर एकेक करून म्हाताऱ्या येऊन बसल्या. सात जणी. प्रत्येकीचा मुलगा मुंबईत, प्रत्येकीचा डोळा त्या अभ्र्यावर. दुकानदाराच्या मार्फत त्या मला विचारू लागल्या. कपाळावर व्रण आहे का? उंच आहे का? गाणं म्हणतो का? खाकी कपडे आणि टोपी सोडून मला काही आठवत नव्हतं. माझ्या मैत्रिणी खाली बघत बसल्या होत्या.

आणि मग मला आईचं ओरडणं आठवलं. दर गणपतीत ती त्याला प्रसाद द्यायची, आणि दर वर्षी तो चुकीचा हात पुढे करायचा. मग आई आपल्या मोडक्या हिंदीत त्याच्यावर खेकसायची, "सीधा हात पुढे करो, देव का है!"

"तो डावखुरा आहे," मी दुकानदाराला म्हटलं. "सगळं डाव्या हाताने करतो."

कट्ट्याच्या टोकाला बसलेली, सगळ्यांत बुटकी म्हातारी उठून उभी राहिली. काहीतरी बोलली आणि हसता हसता रडायला लागली. दुकानदार म्हणाला, "बोलती है, उस हाथ पे मैंने दस साल चमचा मारा. नहीं सुधरा."

म्हणजे त्याची आई हीच. मी पार्सल तिच्या हातात दिलं. तिने शिवण दाताने उसवली, शाल तिथेच अंगावर घेतली, डबा उघडला आणि आधी बाकीच्या सहा जणींच्या हातावर एकेक वडी ठेवली. कुणी लगेच खाल्ली नाही. पदरात बांधून त्या घरी गेल्या.

त्या दिवशी तिने आम्हाला हलूच दिलं नाही. चुलीशी बसवून वरणभात वाढला, माझं ताट रिकामं दिसलं की रागवायची. पुढे चार दिवसांनी आम्ही खिंडीत पोचलो. चहूकडे बर्फ, दम लागलेला, ज्यासाठी एवढी वर्षं झुरले ते सगळं समोर, आणि मला घरची आठवण आली. आठवण आली ती तिच्या अंगणाची. उतरताना वाकडी वाट करून पुन्हा तिच्याकडे गेले. तिने वाळवलेल्या आंबूस पाल्याची एक पुरचुंडी मुलासाठी दिली आणि त्याचं घरातलं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

बोरिवलीला परतले तेव्हा तो फाटकावरच होता. त्याने माझी पाठीवरची बॅग घेतली, पण आई आहे का, हे विचारायचा त्याला धीर नव्हता. मी त्याला त्या नावाने हाक मारली.

तो स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"है," मी म्हटलं. "मजे में है. गुडघे दुखते है."

आमच्याकडे बाहेरगावाहून आलेली वस्तू आधी देवापुढे ठेवतात. आईने ती पुरचुंडी देवापुढे ठेवली, वासाने नाक मुरडलं, हळद-कुंकू वाहिलं आणि त्याला वर बोलावलं. तो आला. पुरचुंडी घ्यायला नेहमीसारखा डावा हात पुढे केला.

सवयीने आईचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं, आणि पुरचुंडी त्याच हातावर ठेवली.