घरधनी मुंबईला हाय

बायको नवऱ्याला ओळखत नाही म्हटलं की लोक आधी हसतात. हसा बापडे! महिपतच्या वाडीतलेही आधी हसलेच होते. वरंधच्या खाली, डोंगराच्या पायथ्याशी ती वाडी. महिपतनं उभं आयुष्य लालबागला मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटण्यात घालवलं, आणि त्याची बायको मैना इकडे शेत नि गुरं सांभाळत राहिली. गणपतीला आणि शिमग्याला काय ते एकमेकांचं तोंड दिसायचं. बाकी सगळा संसार फोनवर. भांडणंसुद्धा फोनवर!

मग एका पावसाळ्यात घरामागची दरड गोठ्यावर आली. मैना म्हैस सोडायला आत गेली होती. म्हैस वाचली, मैनाच्या डोक्यात दगड बसला. महिपत नोकरीवर पाणी सोडून धावत आला आणि इस्पितळात तिच्या उशाशी बसून राहिला. शुद्धीवर आल्यावर तिनं शेजारणीला नावानं हाक मारली. मग महिपतकडे टक लावून बघितलं आणि शेजारणीलाच विचारलं, "हा कोण गो? आमच्या ह्यांच्यासारखा दिसतोय."

घरी आणलं तरी तेच. नाक तेच, कपाळावरचा व्रण तोच, हे सगळं ती कबूल करायची. "पण ते नाय," एवढंच म्हणायची. त्याला दोन वेळा वाढायची, पण परक्या पाहुण्याला वाढावं तशी, नजर खाली ठेवून. आतल्या खोलीला कडी घालायची. महिपत पडवीत झोपायचा. स्वतः बांधलेल्या घरात, सांगा आता!

वाडीच्या तोंडाला कोण हात लावणार? जवळच्या तळीये गावावर डोंगर कोसळला तेव्हापासून या भागात दरडीचं नाव काढलं की माणसाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुणीतरी म्हणालं, खरा महिपत येताना वाटेतच गेला, हे भलतंच काहीतरी त्याचं रूप घेऊन आलंय. मग तो समोरून आला की बाया पोरांना आत ओढायला लागल्या. महिपतला याचा फार राग यायचा, आणि रागाखाली भीतीही वाटायची.

एकदा तो मैनाची औषधं आणायला महाडला गेला. एसटी चुकली, म्हणून उशीर होईल सांगायला त्यानं स्टँडवरून घरी फोन लावला. "मैना, मी बोलतोय," एवढंच म्हणाला, आणि पलीकडे मैनानं हंबरडा फोडला. "अवो, कुठं व्हतात इतके दिस? इथं घरात एक माणूस येऊन ऱ्हायलाय. सगळा तुमच्यासारखा, पण तुमी नाय. मला भ्या वाटतंय. या ना घरी!"

महिपत तसाच मैनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे परत गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "चेहरा बघितला की तो ओळखू येतो, आणि त्याच वेळी आतून माया दाटून येते. मेंदूत या दोन वेगळ्या वाटा आहेत. मैनाबाईंची दुसरी वाट दगडानं तुटली. चेहरा दिसतो, पण माया येत नाही, म्हणून त्यांचं मन म्हणतं की हा तो नव्हेच. जितकं माणूस जवळचं तितकी ही गफलत मोठी. कानाची वाट मात्र शाबूत आहे; नुसता आवाज आला की माया येते, चेहरा समोर असला की डोळ्यांचंच खरं वाटतं."

"वाट परत जुळेल का, बाई?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून महिपत संध्याकाळी ओढ्यापलीकडे जाऊन बायकोला फोन करू लागला. "लालबागला हाय. सुट्टी मिळत नाय," असं खोटंच सांगायचा. मैना खुलून बोलायची, हसायचीसुद्धा. घरी आला की पुन्हा तीच खाली गेलेली नजर. त्याला त्या फोनवरच्या महिपतचा हेवा वाटायला लागला. एकदा बोलता बोलता नाकात मिरच्यांचा खकाणा आला, डंकाची धडधड कानात घुमली, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो खरंच तिकडे असेल, तर इथं दगडावर बसलाय तो कोण?  तुम्ही तरी सांगा!

शिमगा आला. देवीची पालखी दारात आली की घरधन्यानं नारळ द्यायचा आणि गावच्या मानकऱ्यानं, गावकरानं, त्या घराच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालायचं, ही वाडीची रीत. महिपत आंघोळ करून, टोपी घालून नारळ घेऊन उभा राहिला. निदान देवीसमोर तरी ती आपल्याला पुढे होऊ देईल, अशी त्याला वेडी आशा होती. पालखी अंगणात टेकली, आणि मैनानं सगळ्या गावादेखत त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

"घरधनी मुंबईला हाय," ती म्हणाली. "परक्याच्या हातचा नारळ देवीला चालत नाय."

ढोल थांबले. महिपतला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. भागोजी गावकर म्हातारा, केस उन्हात पांढरे झाले नव्हते त्याचे. त्यानं मैनाच्याच हातून नारळ घेतला आणि हळूच विचारलं, "पोरी, काय मागू देवीकडं?"

मैनानं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. "माझा नवरा लई दिस झालं आला नाय. त्याला सुखरूप घरी आण म्हनावं."

भागोजीनं एकदा महिपतकडे बघितलं. मग आवाज चढवून गाऱ्हाणं घातलं, "हे आई, या लेकीचा घरधनी परमुलखात हाय. त्याला वाट दाखव, त्याच्या दारात आणून सोड!"

यावर सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण अंगणात एकट्या महिपतनं हात जोडले आणि तो पोटातून ओरडला, "होय म्हाराजा!" त्या माणसानं आता घरी यावं, असं त्या घडीला त्याच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं.