गवताची लावणी

"लुगडं जरा वर खोच आणि वाक. लोकांना दिसू दे, तुमच्या बायका भात कसं लावतात ते."

गिरगावातलं सभागृह. भर दुपार. मी व्यासपीठावर उभी. बोलणारे गृहस्थ एका शेतकी मंडळाचे चिटणीस. धोतर कडक इस्त्रीचं. पायाला कधी चिखल लागला असेल तर तो ट्रामची वाट बघताना.

मी रत्नागिरीकडच्या खेड्यातली. आमच्या वाडीनं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. दोन पावसाळे मी वाडीवाडीतल्या बायकांना ओळीत लावणी शिकवत होते. सुंभाला वीतवीतभर अंतरानं गाठी, सुंभ ताणायचं, गाठीपाशी रोप. भात वाढलं. मंडळाचं पत्र आलं: मुंबईला येऊन शेतकऱ्यांना शिकवा, तुमच्या वाडीला सुधारलेलं बियाणं देऊ. मी हरखले. भाऊ भोईवाड्यात राहायचा, गिरणीत जायचा. तो मला घेऊन गेला.

मागच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी आम्हा दोघांना बसायला दाराजवळचं गोणपाट दाखवलं. बाहेर भिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं. चिटणिसांचा महाराष्ट्र गोणपाटाच्या अलीकडेच संपत होता.

तासभर चिटणीसच बोलले. माझं सुंभ, माझ्या गाठी. सगळी म्हणे 'आमच्या मंडळाची पद्धत'. मला वर बोलावलं ते फक्त वाकायला. समोर पितळी ताटात भाताची रोपं म्हणून ठेवलेली हिरवी जुडी.

मी जुडी उचलून बघितली. "साहेब, हे गवत आहे. मे महिन्यात भाताचं रोप कुठलं?"

सभागृह हसलं. चिटणीस लालबुंद. "शहाणपणा नको. शेतात खोचतेसच ना लुगडं?"

"शेतात मी काम करते. इथं तुम्हाला तमाशा हवाय. तुम्ही वाका, मी चुका सांगते."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठला. "बाय, लावल्यावर पाणी किती ठेवतेस गो?"

मी खाली उतरले. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "दोन बोटं."

मुंबईत मी शिकवलं ते एवढंच.

"उर्मटांना बियाणं नाही," चिटणीस म्हणाले. दिलंही नाही.

रस्त्यात भाऊ चिडला. "गप वाकली असतीस तर बियाणा तरी गावला असता."

"आज मी वाकले असते, तर पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या पोरी वाकवल्या असत्या."



त्या साली जुनंच बियाणं पेरलं. भात बेताचंच आलं. बायकांनी मला बोल लावले. मी ऐकून घेतले. कापणीआधी त्यांनाच घेऊन शेतात उतरले, भरलेल्या लोंब्या निवडल्या, बियाण्यासाठी वेगळ्या ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात आमची शेतं वरच्या आळीतल्या सवर्णांच्या रस्त्यावरूनही डोळ्यांत भरू लागली.

मग तिथून निरोप. "आमच्या बायकांना शिकव. अंगणाबाहेर उभी राहून सांग."

मी उलटा निरोप धाडला. शिकायचं तर आमच्या शेतात यायचं. माझ्या खांद्याला खांदा लावून चिखलात उभं राहायचं. तहान लागली तर माझ्या मडक्यातलं पाणी प्यायचं. हे ज्याला जमणार नाही, त्याला मी एक अक्षर सांगणार नाही.