गोरा हेडमास्तर

"इले काजळी कायले लावता मॅडम? हे तं आयतीच काळी हाये!"

पाचवीतला एक पोरगा हे बोलला आणि सगळा वर्ग हसला. माझी नात वर्गासमोर उभी होती. तिच्या हातातल्या ताटलीत काजळी होती, मीच शाळेच्या खिचडीच्या गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाखालून खरवडून दिलेली. मी दारातच होते. पोरगी रडली नाही. तिनं ताटली खाली ठेवली, दप्तर उचललं आणि माझ्यासमोरून घरी चालती झाली.

ती काळी आहे हे खरंच आहे. आम्ही ढिवर. आजोबासोबत उन्हातान्हात तळ्यावर जाळं टाकायला जाते, त्यात घरचा रंगही तोच.

मॅडम रोज जेवणानंतर वर्गात एक पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवत. अमेरिकेतली जुन्या काळची गोष्ट, मराठीत केलेली. एका काळ्या पोरीला गोऱ्यांच्या शाळेत शिकायचं असतं आणि गोरा हेडमास्तर दार अडवून उभा राहतो. खिचडीची भांडी घासता घासता मीही ऐकायची. चौथी शिकलेल्या बाईलाही समजेल असं होतं. मॅडम भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेल्या. त्यांना वाटलं, पोरं ऐकतील आणि प्रश्नांची उत्तरं लिहितील. पण आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. इथल्या पोरांना गोष्ट सांगा, ती आधी विचारतात, खलनायक कोण होणार. झालं, सव्वीस जानेवारीला नाटक करायचं ठरलं. त्या काळ्या पोरीचं काम माझ्या नातीला मिळालं होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी शाळेत जात नाई."

"नोको जाऊ. मंग जाळं विनाले बस."

"बसतो."

आणि खरंच बसली. मला ते बरं वाटलं नाही. मी चौथीनंतर घरी बसले, हिची आईही बसली. आता हीसुद्धा बसली तर उठायची नाही, हे मला माहीत होतं.

मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, काजळी बंद, त्या पोराला मी रागावले, तू फक्त ये. नात जाळ्यातून मान वर न करता बोलली, "येतो. पन मले हेडमास्तर करा."

"अगं, तो गोरा आहे."

"मालूम हाये मले."

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "आमच्या नाटकात मिशावाला बाप्या लुगडं नेसून रानी होते, अन् लोक टाळ्या वाजवते. मंग हे हेडमास्तर काऊन नाई होनार?"

"लोक हसतील, आजी."

"हसालेच तं येते लोक."

काळ्या पोरीचं काम तिला चिडवणाऱ्या त्या पोराकडेच गेलं. शिक्षा म्हणून नाही, त्याचं पाठांतर चांगलं होतं म्हणून.

सव्वीस जानेवारीला सगळं गाव पटांगणात जमलं. नातीनं पावडर लावून घेतली नाही. आजोबाची टोपी, माझा चष्मा, हातात रूळ, एवढंच. झेंडा झाला, भाषणं झाली, ऊन चढलं तेव्हा कुठे नाटक सुरू झालं. तो पोरगा बहिणीचा फ्रॉक घालून, आपल्याच हातानं तोंडाला काजळी फासून आला. हिनं रूळ आडवा धरला आणि ओरडली, "काळ्या पोरीले इथी जागा नाई!"

 हिच्या तोंडाकडे पाहत ते वाक्य ऐकायचं, हसावं की नाही कोणाला कळेना. पोराला घाम फुटला. काजळी ओघळून ओठांत गेली आणि तो थुंकला. हिनं ते पाहिलं, आणि पुस्तकात नसलेलं बोलली.

"अबे, तुहा रंग तं गळून राह्यला! माह्यावानी पक्का लावून ये, मंग पाहू!"

मग काय विचारता! बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. सरपंचाची खुर्ची कलंडली. मागून ओरडा सुरू झाला, "वन्स मोर! वन्स मोर!" आमच्याकडे वन्स मोर आला की करावंच लागतं. पोरगा परत आला, परत हाकलला गेला. तोही हसत होता, दात काळे झालेले. मॅडम पडद्याआडून हात हलवत होत्या, दार उघड, पुस्तकात उघडतात. ही काही ऐकेना, तिला मजा येत होती. शेवटी तिचा आजोबाच उठून ओरडला, "घे वं त्याले आत, लेकराले ऊन लागून राह्यलं!"

तेव्हा रूळ खाली आला.

चिडवणं थांबलं असं मी सांगणार नाही. पोरगी गुणाची आहे पण रंग आडवा येईल, असं बाजारात बाया अजूनही मला ऐकवतात. शाळेत तिला "काळी" म्हणायचे, ते "हेडमास्तर" म्हणू लागले, इतकाच फरक पडला. नाटकाच्या दुसऱ्या दिवशीही ती शाळेत गेली, आणि मग जातच राहिली. आता आठवीत आहे, सायकलनं नागभीडला जाते.

सोसलं ते तिनं. मी खिचडी शिजवत होते.