लिओटामावशीचा वकील

आमच्या ग्रॅटन काउंटीत आता एकही वकील उरलेला नाही. कुणाच्या पोरानं दारू पिऊन गाडी कुंपणात घातली, तर घरातले फोन घेऊन बसतात आणि दूरच्या शहरातल्या कुठल्याशा ऑफिसातल्या मुलीला आपल्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा सांगत राहतात. ते ऐकलं की मला लिओटामावशी आठवते, आणि तिच्यासाठी आम्ही वकील शोधत हिंडलो तो उन्हाळा.

लिओटा व्हावरिनेक माझी सख्खी मावशी नव्हे. मी इथल्या शाळेत शिकवायला आले तेव्हा तिच्या माडीवरच्या खोलीत राहिले, आणि चांगली दहा-बारा वर्षं तिथंच राहिले. तिला सगळेच मावशी म्हणत. हाडापेरानं दणकट बाई, पायात नवऱ्याचे जुने बूट, आणि आवाज असा की टेकडीपलीकडची गुरं वळून यायची. मूलबाळ नव्हतं. नवरा लॅड अगदी उलट, मिशीतल्या मिशीत हसणारा. संध्याकाळी दोघं जुन्या ट्रकमधून पवनचक्कीच्या टेकडीवर जात, दारं सताड उघडी टाकून बसत आणि खाली गवतात चरणारी गुरं बघत. लॅड म्हणायचा, "मी गेलो की मला इथंच ठेव बघ. चर्चमागं मला करमायचं नाही."

आणि नेमका तो फेब्रुवारीत गेला, मावशी न्यूमोनियानं दवाखान्यात पडलेली असताना. बर्फानं रस्ते बंद. लॅडचा थोरला भाऊ अलोईस, त्यानं सगळं अंगावर घेतलं आणि लॅडला गावातल्या चर्चमागं आईवडिलांच्या शेजारी पुरलं. मावशी घरी आली ती रिकाम्या घरात. ती कुणाला काही बोलली नाही. अलोईसलाही नाही. तो सूप घेऊन आला तर दारातूनच भांडं घेतलं. नंतर त्यानंही येणं सोडलं.

जूनमध्ये पवनचक्कीची विहीर नव्यानं खोदायला बाहेरगावचे दोघं आले. त्यांच्या ट्रकवर ओझं उचलायचं यंत्र होतं. मावशीनं त्यांना भरपेट न्याहारी घातली आणि सांगितलं, "पोरांनो, आणखी एक खड्डा आहे. गावात." त्यांना वाटलं, सगळं ठरवूनच चाललंय. चर्चचे फादर त्या दिवशी परगावी. भर सकाळी लॅडची शवपेटी वर आली, ट्रकवर चढली, आणि मावशी रविवारचा निळा पोशाख घालून पुढच्या सीटवर बसली. ट्रक मेन स्ट्रीटवरून निघाला तेव्हा कॅफेतली माणसं कुणाची तरी अंत्ययात्रा आहे म्हणून बाहेर आली, टोप्या काढून उभी राहिली. ट्रक गेल्यावर कुणीतरी विचारलं, "पण मेलं कोण?"

संध्याकाळी शेरीफ ड्वेन आला, तोवर लॅड टेकडीवर पुरलेला होता. अलोईसनं तक्रार दिली होती.

"मावशी, हे फार वाईट कलम आहे," तो हातातल्या कागदाशी चाळा करत म्हणाला. "थडगं उकरणं म्हणजे तुरुंगसुद्धा होऊ शकतो."

"आधी पाय झाड. आत्ताच पुसलंय."

त्यानं पाय झाडले, रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री खाल्ली, आरोपाचा कागद टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून गेला.

काउंटीत वकील एकच, मेरिल टगल. मावशी आणि लॅडचं मृत्युपत्र त्यानंच केलेलं. पण तोच काउंटीचा सरकारी वकीलही होता. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

"आत ये की."

"येता येत नाही. मी आता तुमच्याविरुद्ध आहे."

"मग उन्हात कशाला भाजतोयस?"

मेरिलनं घाम पुसला. "वकील करा, मावशी. लोक म्हणतात, शेजारच्या काउंटीत सिरिल नायग्रेन म्हणून आहे. हे मी सांगितलेलं नाही."

"मी तुला पाहिलंही नाही," मावशी म्हणाली आणि त्याला फाटकावरून थंड लिंबूपाणी दिलं.

वकील म्हटलं की ती भडकायची. "मी केलंय ते केलंय. खोटं बोलायला माणूस भाड्यानं आणू?" मीच मागं लागले. माझं म्हणणं, एवढं मोठं कलम, तर वकीलही मोठा हवा. ओमाहा शहरातल्या वकिलांच्या एका नावाजलेल्या ऑफिसात मी वेळ घेतली आणि दिवसभर गाडी चालवून तिला नेलं.

गालिचा असा की बूट रुतत होते. वकील तरणाबांड, बोलायला गोड. त्यानं आमच्या काउंटीचं नाव तीनदा चुकवलं. सगळं ऐकून म्हणाला, "काळजी करू नका. दुःखामुळे तुमचं मन ठिकाणावर नव्हतं, असं आपण मांडू. एका डॉक्टरचं पत्र लागेल."

"म्हणजे मी वेडी?"

"फक्त कायद्यापुरतं."

मावशीनं पर्स उचलली. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेरचा मका बघत होती. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत मी एकच काम डोकं ठिकाणावर ठेवून केलं, आणि तेच हा वेडेपणात घालतोय."

सिरिल नायग्रेनचं ऑफिस कोंबडीची पिल्लं उबवून विकणाऱ्या दुकानाच्या वर होतं. आम्ही बसलो तेव्हा खालून अखंड चिवचिवाट येत होता. त्याचे मोठाले कान, खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरलेली विजार, आणि समोर सार्डिन माशांचा उघडा डबा. त्यानं आधी आम्हाला बिस्किटावर सार्डिन घालून दिलं. मावशीनं खाल्लं, तेव्हाच मला जरा बरं वाटलं.

"मी खोटं बोलणार नाही," तिनं आधीच बजावलं.

"तुम्ही केलंत का, हे मी विचारतच नाही बाई. अर्ध्या काउंटीनं टोपी काढून पाहिलंय."

"मग विचारणार काय?"

"अलोईस एवढा का चिडला?"

मावशीनं बोटं पुसली. "मला काय माहीत. जुना हट्टी आहे."

"बरं. मग त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते सांगा."

मग ती सांगत सुटली. रेल्वेवाल्याची मुलगी, लग्न करून आली तेव्हा गाईच्या कुठल्या बाजूला बसायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. धार काढायला अलोईसनं शिकवलं. एका हिमवादळात लॅड गुरांमागं गेला आणि परत येईना, तेव्हा अलोईस कंबरेला दोर बांधून त्याला शोधायला गेला होता. त्या रात्री त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. बोलता बोलता मावशीचा आवाज बारीक झाला. नायग्रेननं काही लिहून घेतलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तुमचं काम मी घेतो. आता महिनाभर कुणाशी भांडू नका."

पुढं त्यानं काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. आमच्या गावात गुरुवारी गुरांचा लिलाव भरतो. नायग्रेनकडं विकायला ना गाय ना वासरू, तरी तो दर गुरुवारी येऊन अलोईसशेजारी बाकावर बसू लागला. मी लिओटाच्या बाजूचा वकील आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अलोईस तोंड फिरवून बसला. नायग्रेन गुरांवर बोलत राहिला. लॅडचं नाव त्यानं काढलंच नाही. एका गुरुवारी अलोईसनंच काढलं.

"टेकडीचं मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण टेकडीवर जमीन दगडासारखी गोठलेली. वरचा रस्ता बर्फानं बंद. ती दवाखान्यात, जगते की मरते कळेना. मी काय करणार? वाटलं, बर्फ वितळला की बोलेल. ती बोललीच नाही. मला नुसतं बोलावलं असतं, तर मी फावडं घेऊन आलो असतो. माझा भाऊ तो! परक्या विहीरवाल्यांना बोलावलं तिनं."

नायग्रेन तिथून थेट आमच्याकडं आला. मावशी परसात बीटं धूत होती. त्यानं अलोईसचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती उभीच राहिली, हातातून लाल पाणी ठिबकत.

"मी त्याची माफी मागू?"

"कोर्टाच्या दृष्टीनं मला त्याची गरज नाही. मेरिलशी मी वेगळं बोलेन. पण अलोईसनं अजून टेकडी पाहिलेली नाही."

दोन दिवस ती घरात धुसफुसत होती. "मी जाऊ? मी? थोरला तो आहे!" शनिवारी तिनं खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजले, टोपलीत भरले आणि स्वतः ट्रक घेऊन गेली. तिथं काय बोलणं झालं हे तिनं कधीच सांगितलं नाही. पण रविवारी चर्च सुटल्यावर अलोईस आला, ट्रकमध्ये फावडं टाकून. आम्ही तिघं टेकडीवर गेलो. तो मातीभोवती एक फेरी मारून आला.

"कड वाकडी आहे."

"विहीरवाल्यांची आहे. त्यांना गोलच खड्डे येतात."

"आणि डोकं उत्तरेकडं? लॅडला थंडी सोसते का? एवढी वर्षं संसार केलास की नुसता स्वयंपाक?"

"तुझ्या चर्चमागं तर नुसती सावली होती! तिथं काय ऊन खात होता तो?"

भांडत भांडत त्यानं कड सरळ केली. मग फावड्यावर टेकून रडला. मावशीनं त्याच्या हाताखालून फावडं काढून घेतलं आणि उरलेली माती स्वतः ओढली.

अलोईसनं तक्रार मागं घेतली, तरी तेवढ्यानं गुन्हा पुसला जात नाही, असं मेरिलचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण त्यानं आणि नायग्रेननं मिळून जुनं कलम सोडून विनापरवाना पेटी हलवल्याचं साधं कलम लावलं. ऑगस्टमध्ये फिरतीवरचे न्यायाधीश आले. कोर्ट खचाखच भरलं होतं. नायग्रेननं मावशीला आधीच सांगून ठेवलेलं, "तुम्हाला जे पहिल्यापासून म्हणायचंय तेच म्हणा."

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो. मीच केलं," मावशी म्हणाली, टेकडीपलीकडच्या गुरांना ऐकू जावं अशा आवाजात.

"आणखी काही सांगायचंय?"

"पुढच्या वेळी परवाना काढीन."

"पुढच्या वेळी?" न्यायाधीशांचा चष्मा नाकावरून घसरला. सगळं कोर्ट हसलं, अलोईस सर्वांत मोठ्यानं. किरकोळ दंड झाला आणि परवान्याचा कागद आता तरी करून घ्या, असा हुकूम.

गावात कॅफे एकच. त्यामुळं दुपारी न्यायाधीश, शेरीफ, मेरिल, नायग्रेन, अलोईस, मावशी आणि मी, सगळे तिथंच जेवलो. मेरिल तिच्या समोर बसला आणि म्हणाला, "आता मी तुमच्या घरी येऊ शकतो." "पाय झाडून," मावशी म्हणाली.

त्यानंतर नायग्रेन दर शरद ऋतूत आमच्याकडं रानकोंबड्यांच्या शिकारीला यायचा. नेम अगदीच यथातथा. मावशी मात्र जगभर सांगायची, "माझा वकील आलाय." तिला दुसऱ्यांदा वकिलाची गरज कधी पडली नाही, तरी पाऊस कधी पडेल हेसुद्धा ती त्याला फोन करून विचारायची. संध्याकाळी तो, ती आणि अलोईस ओसरीवर बसत. अलोईस बूट काढून पाय कठड्यावर ठेवायचा. फार बोलणं नसे. मी वह्या तपासत आत बसलेली असे, आणि अधूनमधून कानावर यायचं, "लॅड असता तर या हुकलेल्या कोंबडीला हसला असता," आणि मग तिघांचं हसू.