मोटारीत घातलेली गंगा

मी एकदा मोटारीच्या बॅटरीत गंगेचं पाणी ओतलं. तुळशीच्या पानासकट. — हसून घ्या, मीही हसते. पण हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढंसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

निजामाचं राज्य होतं. पाथरीजवळच्या आमच्या खेड्यात वीज नव्हती, पण मामंजींकडं — माझ्या सासऱ्यांकडं — मोटार होती. जुनीच, एका जहागीरदारानं वापरून, कंटाळून विकलेली. तिचा हॉर्न वाजला की वासरं दावं तोडायची. मामंजींच्या मनात आलं, हिच्यात रेडिओ बसवायचा. रेडिओ रेल्वेनं पिंगळीला उतरला, आणि कासीमभाई — आमचा ड्रायव्हर, बारा वर्षं घरात असलेला — दोन दिवस गाडीत डोकं खुपसून बसला. समोरच्या फळीला भोक पाडलं, लोखंडी पट्ट्यांवर पेटी टांगली, धक्के बसू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. बॅटरीपासून वायर ओढली, आणि आवाज पकडायला तांब्याची तार थेट लिंबाच्या शेंड्याला. मी हे सगळं धान्याच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं; कासीमभाईला ते ठाऊक होतं. सतरा वर्षांची होते. दोन दिवस बघून आपल्याला सगळं कळलं असं वाटण्याइतकी हुशार.

संध्याकाळी लिंबाखाली बाजा टाकून पुरुषमंडळी गाणी ऐकायची. आम्हा बायकांना तिकडं फिरकायची बंदी. खिडकीला कान लावला तरी अर्धं गाणं यायचं, अर्धं वाऱ्यावर जायचं. आठवड्याभरात तेही बसकं झालं. कासीमभाई मामंजींना म्हणाला, "मालक, बॅटरीला पानी कमी पडायलंय. हिरीचं चालत न्हाई, एकदम शुद्ध पायजे. परभनीहून बाटली मागवा."

शुद्ध. — आता तुम्हीच सांगा, माझ्या सासूबाईंच्या घरात शुद्ध म्हणजे काय? आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात, आणि गंगाखेडहून भरून आणलेला तिचा तांब्या देवघरात होता, वर तुळस टाकून. याहून शुद्ध ती परभणीची बाटली असेल, असं मला का वाटावं? दुपारी घर आडवं झालं तशी मी मागल्या दारानं निघाले, मोटारीत शिरले, पायाखालची फळी उचलली, बॅटरीची तिन्ही बुचं काढली आणि तांब्या रिकामा केला. वरून नमस्कारही केला. बरंचसं उतू गेलं. त्यात तेजाब — ॲसिड — होतं, हे लुगड्याला भोकं पडली तेव्हा कळलं. लुगडं चुलीत घातलं. तांब्या विहिरीच्या पाण्यानं भरून जागच्या जागी ठेवला — पुढं आजेसासूबाईंच्या तोंडात शेवटी तेच पाणी पडलं. त्यांनी काही तक्रार केली नाही.

मोटारीत शिरल्याचं मला आजही काही वाटत नाही. आज शिरायची वेळ आली तर आज शिरेन, गुडघे धरून का होईना. गाणं पुरं ऐकावंसं वाटलं, यात लाजायचं काय?

लाज पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी पाथरीहून चार मोठी माणसं रेडिओ ऐकायला आली. चहा झाला, पानं झाली. रेडिओ एकदा घरघरला आणि मेला. पाहुण्यांना मोटारीनं सोडायचं ठरलं होतं, तीही चालू होईना. शेवटी बैलगाडी जुंपली. मामंजी गाडीला वेशीपर्यंत पोचवून आले. मग त्यांनी बॅटरीत काडी बुडवून बोटावर घेतली. बोट पोळलं नाही. "तेजाब काढून सोनाराला विकलंस, अन् पाणी भरलंस," ते कासीमभाईला म्हणाले. सगळ्या गावासमोर.

कासीमभाईनं त्याआधीच आत पाहिलं होतं. बुचाशी अडकलेलं काळं पडलेलं पान त्यानं उचललं, मुठीत धरलं, आणि माझ्या खिडकीकडं पाहिलं. मी पोत्यामागं सरकले.

"मालक, बारा वरसं झाली. मी कशाला चोरू?" — एवढंच बोलला, आणि गप्प उभा राहिला. किती वेळ? मला तो लांब वाटला.

माझं एक वाक्य पुरलं असतं. मामंजींनी मला काय खाल्लं असतं? फार तर चार महिने माहेरी धाडलं असतं. मी पोत्यामागं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन, डोक्यावर ट्रंक ठेवून गाव सोडून गेला, आणि गाव त्याला तेजाबचोर म्हणू लागलं. मी त्या दुपारी तीन भाकरी खाल्ल्या. भूक मेली वगैरे काही झालं नाही.

पुढं मी स्वतःसाठी एक गोष्ट रचली. कासीमभाईनं मला वाचवलं. पान दाखवलं असतं तर माझी अब्रू गेली असती, म्हणून त्यानं आळ स्वतःवर घेतला. फार छान गोष्ट होती. तिच्यात तो थोर होता, आणि मी — कुणीतरी जिच्यासाठी एवढं करावं अशी. झोपताना आठवली की बरं वाटायचं.

तीन वर्षांनी माहेरी जाताना देवगाव फाट्यावर आम्हा प्रवाशांची सर्व्हिस मोटार बंद पडली. दुरुस्तीला शेजारच्या छपरातून कासीमभाईच आला. दाढी पिकली होती. मी खाली उतरून बाजूला गेले, पदर सारखा केला, आणि तीन वर्षं घोटलेलं वाक्य म्हटलं — त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत, ते मी विसरले नाही.

त्यानं फडक्याला हात पुसले. रागावला नव्हता. एखादी वायर चुकीची जोडलेली दाखवावी, तसं म्हणाला:

"धाकट्या बाई, मी न्हाई वाचवलं तुमाला. मी थांबलो हुतो. मला वाटलं, तुमी बोलताल."