यंदा ती भट्टीवर गेली नाही

खोडाळ्याच्या थांब्यावर मी शाळेला जायची एसटी पकडते. गेल्या पावसाळ्यापासून तिथं ती रोज दिसायची. आपल्या शेतात नव्यानं लावलेल्या मोगऱ्याच्या कळ्यांचं ओल्या फडक्यातलं गाठोडं ती तान्ह्या लेकरासारखं धरायची आणि दादरला जाणाऱ्या जीपमध्ये ऊन लागणार नाही अशी जागा शोधून स्वतःच्या हातानं ठेवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नवरा वारलेला, पदरी दोन मुली, आणि दर वर्षी दिवाळी झाली की दोघींना घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, एवढं तिच्याच बोलण्यातून कळलं होतं.

दिवाळी झाली आणि ती दिसेनाशी झाली. मुलींची शाळा पुन्हा सुटली म्हणून मी हळहळले.

माघात एका सकाळी ती गाठोडं घेऊन समोर उभी.

“भट्टीवरून इतक्या लवकर आलात?” मी विचारलं.

“गेलीच नाय, बाई. झाडां छाटलेली, कळ्या नव्हत्या. मंग थांब्यावर कशाला येऊ? गावातच कामाला जायची.”

“मुकादम आला नाही बोलवायला?”

“दोनदा आला. बोलला, घरात पुरुष नाय, कसं भागवशील? मी बोलली, मी गेली तर मोगऱ्याला पाणी कोण घालंल? तू?”

तोंडावर पदर धरून ती खूप हसली. जीप सुटताच घराकडे वळली.

“जाते बाई. पोरींची शाळा भरंल, वेण्या घालायच्यात.”

माघ महिन्यात स्वतःच्या ओटीवर बसून वेण्या घालून घेणाऱ्या त्या दोन मुली मला एसटीत बसल्यावरही दिसत राहिल्या.